पेंढा, नारळाचं सोडणं आणि एन्झाइम: कोकणात काय उकलतं, काय उकलत नाही

भात झोडून झालं, पेंढ्याची उडवी रचली गेली की दरवर्षी कुणीतरी विचारतंच: पानिपतला पराळीपासून इथेनॉल करतात, मग आपल्या पेंढ्याचं का नाही? पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, पेंढ्याची साखर करणारं ते एन्झाइम मिळतं कुठे? दुसऱ्याचं उत्तर अगदी सोपं आहे. विकत मिळतं, चार अंशाच्या फ्रीजमध्ये ठेवायचं आणि हवं तेवढं पिपेटने काढायचं. अडचण एन्झाइमच्या अलीकडे आहे. पेंढा आधी नीट उकलला नसेल तर बाजारातलं सगळ्यात महाग एन्झाइमसुद्धा तीन दिवस नुसतं कोमट पाण्यात डुंबत बसतं.

हा लेख दोघांसाठी आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे करून बघणाऱ्यांसाठी, आणि ‘आपल्याकडे कचरा भरपूर आहे’ एवढ्या भांडवलावर प्रकल्प अहवाल लिहायला बसणाऱ्यांसाठी.

आधी हिशेब मांडू. सुक्या पेंढ्यात ३५ टक्क्यांच्या आसपास सेल्युलोज, २० ते २५ टक्के हेमिसेल्युलोज (यात मुख्यतः झायलोज ही वेगळी साखर) आणि १२ ते १८ टक्के लिग्निन (धाग्यांना बांधून ठेवणारा कडक पदार्थ) असतं. राखही १० ते १८ टक्के निघते आणि तिच्यात बहुतांश सिलिका असते. एक टन सुक्या पेंढ्यातलं ३५० किलो सेल्युलोज पूर्ण फुटलं तर सुमारे ३८९ किलो ग्लुकोज मिळेल. वजन वाढतं, कारण साखळीचा प्रत्येक सांधा तुटताना पाण्याचा एक रेणू जोडला जातो, गुणक १.११. प्रत्यक्षात ७५ टक्के फुटलं तरी चांगलं, म्हणजे २९० किलो. एक किलो ग्लुकोजपासून कागदावर ०.५११ किलो इथेनॉल, हातात येतं ०.४६ च्या आसपास. म्हणजे १३४ किलो, अर्थात १७० लिटर. इंडियन ऑइलचा पानिपतचा कारखाना १० ऑगस्ट २०२२ ला सुरू झाला तेव्हा वर्षाला सुमारे दोन लाख टन पेंढ्यातून तीन कोटी लिटर इथेनॉल, असा आकडा जाहीर झाला होता. भागाकार केला तर टनाला १५० लिटर. बाजारातल्या पेंढ्यात ओल असते हे धरलं तर दोन्ही आकडे जुळतात. तेव्हा कुणी टनाला ४०० लिटरचं गाजर दाखवलं तर कागद परत करावा.

एन्झाइम म्हणजे एक नव्हे, टोळी

सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजची लांबलचक सरळ साखळी. अशा कित्येक साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून सुंभासारख्या वळलेल्या असतात. हे सुंभ उसवायला तीन प्रकारचे कामगार लागतात. एंडोग्लुकानेज मधेच कुठेतरी काप देतं. त्यातून मोकळी टोकं तयार होतात. सेलोबायोहायड्रोलेज ते टोक पकडून दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे तोडत पुढे सरकतं. त्याचे दोन प्रकार असून दोघं साखळीच्या विरुद्ध टोकांकडून कामाला लागतात. हे दोन ग्लुकोजचे तुकडे म्हणजे सेलोबायोज. शेवटी बीटा-ग्लुकोसायडेज त्याचे दोन भाग करून ग्लुकोज मोकळं करतं.

बहुतेक प्रयोग जिथे अडतात ती जागा इथेच आहे. सेलोबायोज साचलं की सेलोबायोहायड्रोलेज थांबतं. ग्लुकोज साचलं की बीटा-ग्लुकोसायडेज मंदावतं, आणि मग पुन्हा सेलोबायोज साचतं. ट्रायकोडर्मा रीसाय ही बुरशी पहिली दोन एन्झाइमं भरभरून बाहेर सोडते, पण तिसऱ्याच्या बाबतीत हात आखडता घेते. म्हणून पूर्वी तिच्यापासून केलेल्या ‘सेलुक्लास्ट’ या विकतच्या मिश्रणासोबत ॲस्परजिलस नायजरपासून काढलेलं ‘नोव्होझाइम १८८’ वेगळं घालावं लागायचं. ‘सेलिक सीटेक-२’सारख्या नंतरच्या मिश्रणांत ते आधीच पुरेसं असतं. कपाटात जुनी बाटली सापडली तर आधी लेबल वाचा.

या बुरशीचा मूळ वाण दुसऱ्या महायुद्धात सोलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याच्या कुजलेल्या सुती तंबूंवरून गोळा केलेला आहे. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, त्यावर दमट हवा आणि सततचा पाऊस. आषाढात ज्यांच्या घरी छत्र्या आणि चपला बुरसटतात त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. पुढे अमेरिकेतल्या नॅटिक इथल्या सैनिकी प्रयोगशाळेत एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं, आणि १९७७ मध्ये बुरशीला रीस यांचं नाव मिळालं. आज कारखान्यांत जाणारं बरंचसं सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज फोडणाऱ्या या एन्झाइमांचं मिश्रण, याच वाणाच्या सुधारित वंशजांकडून येतं.

टोळीत २०१० नंतर आणखी एकाची भर पडली आहे. एलपीएमओ नावाचं, तांबं असलेलं एन्झाइम साखळीला ऑक्सिजनच्या साहाय्याने छेद देतं, तेही जिथे इतरांचा शिरकाव होत नाही अशा घट्ट भागात. नव्या मिश्रणांचा जोर वाढला त्यात याचा वाटा मोठा. व्यवहारात याचा अर्थ एवढाच, की अशा मिश्रणाने पेंढा फोडताना बाटली काठोकाठ भरून हवाबंद ठेवली तर त्याचा हा भाग उपाशी राहतो. फ्लास्कमध्ये वर मोकळी जागा सोडा.

कोकणातला माल: काय घ्यावं

इथे ठाम मत देतो, कारण सर्वांत जास्त वेळ चुकीच्या मालावर जातो.

नारळाचं सोडणं, म्हणजे वरचं धागेदार आवरण, नको. काथ्यात लिग्निन ४० टक्क्यांच्या आसपास असतं आणि भुश्यातही ३० टक्क्यांच्या वर जातं. म्हणूनच तर सुंभ खाऱ्या पाण्यात टिकतो. जे पाण्यात वर्षानुवर्षं कुजत नाही ते एन्झाइमने तीन दिवसांत विरघळेल ही अपेक्षाच चुकीची. शिवाय एन्झाइम लिग्निनला चिकटून बसतं आणि कायमचं वाया जातं. सोडणाचं काथ्या आणि कोकोपीट हेच भलं. झावळीचा पिढा, म्हणजे देठाचा रुंद बुडखा, तोही त्याच माळेतला.

काजूच्या बोंडूला सेल्युलेज लागतच नाही. रसातच १० ते १२ टक्के साखर तयार असते, नुसतं यीस्ट पुरतं. अडतं ते टॅनिनमुळे. घशाला जी चरचर लागते तेच टॅनिन प्रथिनांना पकडतं, आणि एन्झाइम म्हणजे प्रथिनंच. रसात साबुदाण्याची खळ किंवा भाताची पेज ढवळून साका खाली बसू दिला तर बराचसा टॅनिन निघून जातो. रस काढून उरलेल्या चोथ्यावर सेल्युलेज चालवायचं असेल तर चोथा गरम पाण्याने दोन-तीनदा धुतल्याशिवाय हात घालू नका. आणि बोंडू एका दिवसात आंबायला लागतं. मार्च ते मे या काळात गाव ते कारखाना हे अंतर हाच खरा खर्च.

कॅनिंगमधून निघणारी हापूसची साल आणि फणसाची चारखंडं यांत पेक्टिन (जॅम घट्ट करणारा चिकट पदार्थ) भरपूर असतं. त्यांना आधी पेक्टिनेज लागतं, नाहीतर लगदा चिकट होऊन सेल्युलेज आत पोचत नाही. पेक्टिन फुटून निघणारं गॅलॅक्टुरॉनिक आम्ल साधं यीस्ट खात नाही, शिवाय थोडं मिथेनॉल सुटतं, हे विसरू नये. बाठ्यातल्या कोयीत स्टार्च असतो, तिथे ॲमायलेज. एकाच पिंपात साल, बाठे, चारखंडं सगळं कोंबून ‘मिश्र फळकचरा’ म्हणून सेल्युलेज घातलं की आकडे कशाचेच कळत नाहीत. खरं तर या ओल्या कचऱ्याला बायोगॅस हा सरळ मार्ग आहे.

माणगा बांबू चांगला कच्चा माल आहे. आसाममध्ये नुमालीगडला बांबूवरच कारखाना उभा राहिला आहे. पण बांबूचं लाकूड साध्या कुकरला दाद देत नाही, त्याला दाबाची वाफ किंवा कडक रसायनं लागतात. प्रयोगशाळेत सुरुवात त्याने नको.

राहिला पेंढा, आणि कातळावरचं सुकं गवत. दोन्ही मऊ, लिग्निन कमी. पेंढ्याची अडचण रसायनशास्त्रातली नाही. कोकणातला पेंढा गुरांच्या तोंडचा आहे, तुकड्यातुकड्यांच्या शेतात विखुरलेला आहे, आणि दोन लाख टन एका फाटकात आणायचा तर घाट आणि गल्ल्या पालथ्या घालाव्या लागतील. पानिपतच्या मापाचा कारखाना इथे शोभणार नाही. पण शिकायला पेंढ्यासारखा माल नाही.

पेंढा उकलणं

गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या भाताचा, ऊन खाल्लेला पेंढा घ्या. लवकर पिकणारं हळवं भात परतीच्या पावसात सापडलं असेल तर त्याची उडवी आतून गरम होते, पेंढ्यावर पांढरी-करडी बुरशी धरते, आणि आपण जी साखर काढणार ती आधीच कुणीतरी खाऊन गेलेलं असतं. ओल १५ टक्क्यांच्या आत हवी. अंदाजाने नव्हे: थोडा नमुना १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवून मोजा. पुढचा प्रत्येक हिशेब सुक्या वजनावर करायचा आहे, आणि पावसाळ्यात उघड्या पिशवीतला पेंढा आठवड्याभरात हवेतली ओल खाऊन जड होतो.

कडबाकुट्टीतून काढून मग मिक्सर किंवा चक्कीत ३ ते ५ मिलिमीटर करा. पीठ करायचा मोह टाळा. पुढे गाळताना फडकं बंद पडतं. माती धुऊन टाका.

१०० ग्रॅम सुका पेंढा, एक लिटर पाण्यात २० ग्रॅम कॉस्टिक सोडा. सोडा लिग्निन विरघळवतो आणि धागे मोकळे करतो. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. ॲल्युमिनियमचा टोप किंवा कुकर चालत नाही. सोडा ॲल्युमिनियमला खातो आणि हायड्रोजन सुटतो. स्टीलचं भांडं किंवा काचेची बाटली घ्या. ऑटोक्लेव्हमध्ये १५ पौंड दाबावर, म्हणजे १२१ अंशांवर ३० मिनिटं. वेळ दाब आल्यापासून मोजायचा. ऑटोक्लेव्ह नसेल तर ८५-९० अंशांच्या पाण्यात दोन तास ठेवूनही काम होतं, थोडं कमी.

बाहेर काढल्यावर काळा कुट्ट द्रव आणि मऊ पिवळसर लगदा दिसेल. बोटांत चुरडून बघा. काड्या सहज फसकन तुटून धागे सुटत असतील तर झालं. मधोमध ताठ, चमकदार पेरं राहिली असतील तर सोडा आतपर्यंत पोचलेला नाही. पेंढा वर तरंगून कोरडा राहिल्याची ही खूण. पुढच्या वेळी वर जाळी दाबून ठेवा.

मलमलीतून गाळून पाणी बदलत धुवा. वरचं पाणी पीएच पट्टीवर ७ दाखवू लागलं तरी धाग्यांच्या आत सोडा दडलेला असतो. त्यासाठी शेवटचं धुणं सायट्रेट बफरने (पीएच एका जागी धरून ठेवणारं द्रावण), पीएच ४.८. मग अर्धा तास ठेवून पुन्हा मोजा. पीएच चढून ६ च्या वर गेला तर पुन्हा बफर. ही अर्ध्या तासाची पायरी गाळली की एन्झाइम पहिल्या तासातच ढिलं पडतं आणि दोष एन्झाइमवर येतो.

१०० ग्रॅमचे ५५ ते ६० ग्रॅम सुके उरतात. त्यात सेल्युलोजचं प्रमाण ६० टक्क्यांच्या जवळ गेलेलं असतं. हा लगदा वाळवू नका. वाळताना धाग्यांमधली बारीक भोकं मिटतात आणि पुन्हा भिजवली तरी पूर्ण उघडत नाहीत. पिळून, हवाबंद पिशवीत, फ्रीजमध्ये. ओलीचा आकडा छोट्या नमुन्यावरून काढून पिशवीवर लिहून ठेवा.

एन्झाइम घालताना

उदाहरण म्हणून शंभर ग्रॅमचा एक फ्लास्क. १० टक्के घन म्हणजे १० ग्रॅम सुका लगदा. पिळलेल्या लगद्यात ७५ टक्के पाणी असेल तर तो ४० ग्रॅम घ्यावा लागेल. त्यात सेल्युलोज ६ ग्रॅम. सेल्युलोजच्या दर ग्रॅमला १५ एफपीयू (फिल्टर पेपर युनिट, एन्झाइमची ताकद मोजायचं एकक) धरलं तर ९० एफपीयू, आणि एन्झाइमची ताकद मिलिलिटरला ६० एफपीयू असेल तर दीड मिलिलिटर. मग ०.१ मोलर सायट्रेट बफर ५० मिलिलिटर आणि ऊर्ध्वपातित पाणी साडेआठ मिलिलिटर. लगद्यातलं पाणी मिळून बफर ०.०५ मोलरवर येतो. पाणी विहिरीचं नको: जांभ्यातल्या पाण्यात लोह असू शकतं, खाडीकाठी मीठ.

शेकरवर ५० अंश, मिनिटाला १२० ते १५० फेरे, ७२ तास. एन्झाइम सर्वांत शेवटी, लगदा ५० अंशांवर आल्यावर. शून्य, ६, २४, ४८ आणि ७२ तासांना एक-एक मिलिलिटर काढून दहा मिनिटं उकळत्या पाण्यात धरा, म्हणजे एन्झाइम मरतं. नाहीतर नमुना ट्यूबमध्येही फुटत राहतो. सोबत आणखी तीन फ्लास्क हवेतच: नुसता लगदा, नुसतं एन्झाइम, आणि लगद्याऐवजी व्हॉटमन फिल्टर पेपर. बाजारच्या एन्झाइममध्ये टिकावासाठी साखर किंवा सॉर्बिटॉल घातलेलं असू शकतं, ते दुसऱ्या फ्लास्कने कळतं. तिसऱ्याचा उपयोग निदानासाठी. फिल्टर पेपर फुटला आणि पेंढा नाही, तर चूक सोड्याच्या पायरीत. दोन्ही फुटले नाहीत तर एन्झाइम मेलंय, किंवा पीएच वा तापमान चुकलंय. या एका फ्लास्कने आठवडे वाचतात, आणि तरीही तो सगळ्यात आधी वगळला जातो.

पहिल्या सहा-बारा तासांत साखर झरझर वाढते, मग वेग पडतो, हे बरोबरच आहे. ढवळताना खूप फेस येत असेल तर फेरे कमी करा, हवा आणि पाणी यांच्या सीमेवर एन्झाइम बिघडतं. लिग्निन जास्त असलेल्या मालात आधी थोडं सोयाबीनचं प्रथिन किंवा साबणासारखं ट्वीन-८० घातलं तर ते लिग्निनला चिकटून एन्झाइमसाठी जागा मोकळी ठेवतं. सोड्याने धुतलेल्या पेंढ्यात त्याचा फरक फारसा दिसत नाही.

आता जंतूंचं. आषाढ-श्रावणात लाईट गेली, शेकर ५० वरून ३५ वर उतरला, की बॅक्टेरियाला मेजवानीच. ओळख सोपी आहे: ताकासारखा आंबट वास, पीएच उतरलेला, आणि ४८ तासांचं ग्लुकोज २४ तासांपेक्षा कमी. एन्झाइम ग्लुकोज खात नाही. आकडा खाली आला तर कुणीतरी जिवंत आत शिरलंय. जंतू रोखायला बरीच जुनी टिपणं ०.०२ टक्के सोडियम ॲझाइड घालायला सांगतात. ४.८ पीएचला त्यातला जवळजवळ निम्मा भाग विषारी हायड्रॅझोइक आम्लात बदलतो आणि ते वाफेने उडतं, म्हणून विद्यार्थ्यांच्या हाती ते नकोच. टेट्रासायक्लिन ४० आणि सायक्लोहेक्सिमाइड ३० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर पुरतं. सायक्लोहेक्सिमाइडही विषारीच आहे, मोजे घालूनच. आणि पुढे त्याच रसात यीस्ट घालायचं असेल तर यातलं काहीच नको.

मोजणं

साखरेबरोबर तापवलं की रंग देणारं डीएनएस (डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल) सगळीकडे वापरतात: नमुन्यात ३ मिलिलिटर द्रावण, खळखळत्या पाण्यात बरोबर ५ मिनिटं, थंड करून ५४० नॅनोमीटरवर वाचन. पाण्याची पातळी ट्यूबमधल्या द्रवापेक्षा वर हवी आणि एकाच वेळी इतक्या ट्यूब टाकू नयेत की उकळी बसेल. डीएनएस ग्लुकोज, सेलोबायोज, झायलोज सगळ्यांना एकाच रंगात दाखवतं. सोड्याने धुतल्यावरही पेंढ्यात बरंच हेमिसेल्युलोज राहतं आणि त्याचं झायलोज त्या रंगात मिसळतं. ‘११० टक्के रूपांतर’ असे आकडे येतात ते यामुळे.

ग्लुकोज वेगळं मोजायला पॅथॉलॉजी लॅबमध्ये असतं ते जीओडी-पीओडी (ग्लुकोज ऑक्सिडेज-पेरॉक्सिडेज) किट उत्तम. रत्नागिरी, चिपळूणला सहज मिळतं. नमुना पातळ करून किटच्या मर्यादेत आणा. ॲझाइड घातलेला नमुना यात चालत नाही, ते किटमधलं पेरॉक्सिडेजच बंद पाडतं. ग्लुकोजच्या ग्रॅमना ०.९ ने गुणून सेल्युलोजच्या ग्रॅमने भागा, ते खरं रूपांतर. डीएनएस भरपूर आणि ग्लुकोज कमी असेल तर त्याच लगद्याच्या आणखी एका फ्लास्कमध्ये थोडं बीटा-ग्लुकोसायडेज घालून बघा. ग्लुकोज उसळलं तर सेलोबायोज अडकलं होतं, नाही उसळलं तर ते झायलोज.

एन्झाइमची ताकद स्वतः मोजायची असेल तर व्हॉटमन क्रमांक १ ची १ बाय ६ सेंटिमीटरची, सुमारे ५० मिलिग्रॅमची पट्टी, १ मिलिलिटर बफर, अर्धा मिलिलिटर पातळ केलेलं एन्झाइम, ५० अंशांवर एक तास. नेमकं २ मिलिग्रॅम ग्लुकोज देणारी पातळी (पातळ द्रावणात मूळ एन्झाइमचा किती अंश आहे ती) शोधायची, आणि ०.३७ ला त्या पातळीने भागायचं. एकाच पातळीवर मोजून गुणाकार केला तर आकडा चुकतो, कारण एन्झाइम दुप्पट केलं म्हणून साखर दुप्पट होत नाही.

साखरेपासून पुढे

वरच्या फ्लास्कमध्ये ८० टक्के रूपांतर झालं तर लिटरला ५३ ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज येतं. आंबवल्यावर लिटरला सुमारे २४ ग्रॅम इथेनॉल, म्हणजे आकारमानाने ३ टक्के. ऊर्ध्वपातनाचा खर्च परवडायला वजनाने निदान ४ टक्के तरी हवं, असा ठोकताळा आहे. म्हणजे घन १५ ते २० टक्क्यांवर न्यायला हवा, आणि इथे नवी डोकेदुखी सुरू होते: २० टक्क्यांचा लगदा फ्लास्कमध्ये हलतच नाही, नुसता गोळा फिरतो. उपाय म्हणजे १० टक्क्यांनी सुरू करून, पातळ झालं की सहा-सात तासांनी थोडा-थोडा लगदा घालत जाणं. एन्झाइम मात्र सगळं सुरुवातीलाच.

यीस्ट ५० अंशांवर जगत नाही. त्यामुळे एकतर साखर होऊ द्यायची आणि मग ३०-३२ अंशांवर यीस्ट, किंवा दोन्ही एकत्र ३५-३७ अंशांवर. एकत्र केलं तर एन्झाइम मंद चालतं, पण ग्लुकोज साचत नसल्याने अडतही नाही. बेकरीचं सुकं यीस्ट लिटरला १ ते २ ग्रॅम पुरतं. झायलोज मात्र ते खात नाही. त्यासाठी जनुकं बदललेले वाण लागतात.

गॅस क्रोमॅटोग्राफ नसला तरी इथेनॉल कळतं. फ्लास्कला नळी लावून तिचं टोक पाण्यात बुडवा आणि शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर रोज वजन करा. जेवढं वजन घटलं तेवढा कार्बन डायऑक्साइड गेला, त्याला १.०४५ ने गुणलं की इथेनॉलचं वजन. वरच्या फ्लास्कमध्ये ही घट २.३ ग्रॅमच्या आसपास यायला हवी. फ्लास्क बाहेरून कोरडा पुसूनच वजन करा, दमट हवेत काचेवर धरलेलं दव आकडा बिघडवतं. इथेच थांबा: ऊर्ध्वपातन करायला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, हेतू इंधनाचा असला तरी.

घरचं एन्झाइम

शेतकऱ्यांकडे मिळणारी ट्रायकोडर्मा पावडर वापरून एन्झाइम करता येईल का? येईल, दुबळं. ती बुरशी रोगनियंत्रणासाठी निवडलेली असते, सेल्युलेजसाठी नव्हे. तरी तत्त्व समजायला छान. पेंढा आणि गव्हाचा कोंडा, ओल ६५ ते ७० टक्के, निर्जंतुक करून २८-३० अंशांवर पाच ते सात दिवस, मग बफरमध्ये भिजवून फडक्यातून पिळायचं. वाढ लवकर व्हावी म्हणून गूळ घालणारे भेटतात. घालू नका. सहज साखर मिळाली की बुरशी सेल्युलेज बनवणं बंदच करते; औद्योगिक वाणांत हीच कळ मोडून ठेवलेली असते. पावसाळ्यात ट्रेवर काळी किंवा नारिंगी बुरशी दिसली तर ती आपली नव्हे, ट्रे तसाच ऑटोक्लेव्हमध्ये. हिरवी भुकटी उडते, मास्क हवा.

किनाऱ्यावरच्यांनी खरं तर दुसरीकडेही बघायला हवं. होडीच्या लाकडाला पोखरणारी समुद्रातली कीड, जिला इंग्रज खलाशी ‘शिपवर्म’ म्हणत, ती आळी नसून शिंपल्यांच्या जातीची आहे. तिच्या कल्ल्यांत राहणारे जंतू सेल्युलेज बनवतात आणि ते तिच्या पोटात पोचतं. ही एन्झाइमं खाऱ्या पाण्यातही काम करणारी. गोडं पाणी उन्हाळ्यात टँकरने येतं अशा भागात हा विषय नुसत्या कुतूहलाचा राहत नाही.

आणि तो काळा द्रव. दर १०० ग्रॅम पेंढ्यामागे जवळजवळ लिटरभर निघतो. सोडा, लिग्निन आणि विरघळलेली सिलिका. मोठे कारखाने सोड्याऐवजी पातळ आम्ल आणि वाफेकडे वळतात त्यामागे हे एक मोठं कारण आहे, मग त्यांना फुरफुराल आणि ॲसेटिक आम्ल या यीस्टला त्रास देणाऱ्या पदार्थांशी झगडावं लागतं ते वेगळं. प्रयोगशाळेत हा द्रव सिंकमध्ये ओतून वर आम्ल घालू नका. लिग्निन आणि सिलिका मिळून चिकट जेल होतं आणि नळी बसते. पऱ्यात तर नाहीच: जांभा पाणी धरून ठेवत नाही, ते थेट खालच्या विहिरीत जातं. गाळून ठेवलेला द्रव पुढच्या पेंढ्याला वापरता येतो, त्यात खर्च झालेला सोडा टायट्रेशनने मोजून तेवढाच घालायचा. दोन-तीनदा वापरला की तो इतका दाट होतो की पेंढा उकलायचा थांबतो. मग बादलीत, उघड्यावर नव्हे तर फ्यूम हूडखाली, हळूहळू आम्ल घालत पीएच ३ पर्यंत आणा, रात्रभर बसू द्या, वरचं पाणी काढून चुन्याने ७ वर आणा आणि खालचा तपकिरी गाळ वाळवून भट्टीत जाळा.